पहारा वाटून घेऊ या





वार्तापत्राच्या या पानावर आपण बहुधा निकाल, हजेरी, शिस्त आणि स्पर्धा यांविषयी बोलतो. या अंकात मात्र एका आजाराविषयी लिहावेसे वाटते. तो आजार म्हणजे कर्करोग, ज्याला आपण सगळे कॅन्सर म्हणतो. शाळेच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आजार आईला, वडिलांना किंवा आजीला होतो, पण त्याचा परिणाम वर्गातल्या बाकावर दिसतो. गृहपाठ राहू लागतो, डबा येत नाही, मोठी मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहते, आणि विचारले तर "घरी काम होते" एवढेच उत्तर मिळते. खरे कारण कळायला पुष्कळदा काही महिने जातात. तोपर्यंत त्या घराने बरेच काही एकट्याने सोसलेले असते.

अशी एकट्याने सोसण्याची वेळ कोणावर येऊ नये म्हणून गावाने आणि शाळेने काय करावे, याचा विचार मी येथे मांडत आहे.

आपल्या भागात या रोगाचे नाव मोठ्याने घेत नाहीत. "गाठ झाली आहे", "मोठी बिमारी आहे", "सोलापूरला दाखवतोय" अशा शब्दांनी ते झाकले जाते. झाकणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना तसे करायला आपणच भाग पाडतो. घरात लग्नाची मुलगी असते आणि आजाराची बातमी सोयरिकीच्या आधी पोचेल अशी भीती असते. काही ठिकाणी रोग्याचे ताट-पेला वेगळा काढतात, शेजारची मुले त्या घरी पाठवत नाहीत. म्हणून एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिली पाहिजे. कर्करोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, रोग्याची सेवा केल्याने तो होत नाही. आईला झाला म्हणून मुलीला होणारच, असेही नाही. बहुसंख्य कर्करोग आनुवंशिक नसतात. हे शिकलेल्या माणसांनी चार लोकांत सांगायला हवे, आणि सोयरिकीच्या बैठकीत तर आवर्जून सांगायला हवे.

उघड बोलल्याने काय साधते, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून खेड्यापाड्यांत काम केले. 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला सुरू झाली. शहरात अशी नोंद रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. खेड्यात माणूस रुग्णालयापर्यंत पोचतच नसे, म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांत बसले, लक्षणे सांगितली आणि संशय आला त्यांना तपासणीला पाठवले. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या, असे 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. लोकांशी मोकळेपणाने बोलणे हेच त्या कामाचे मुख्य साधन होते.

पुढे 1999 पासून बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी पाहणी केली. गावांचे 52 गट केले होते आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया तिच्यात होत्या. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी फक्त एकदा केली, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष 2009 साली अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात छापून आला. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच ज्वारी-तुरीच्या रानात राबणाऱ्या होत्या. त्यांना जे जमले ते बिदर आणि कलबुर्गीच्या स्त्रियांना का जमू नये?

मोठ्या माणसांनीही हा संकोच मोडला आहे. श्री. शरद पवार यांच्यावर 2004 साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या आजाराचे उदाहरण देऊन तंबाखू-सुपारीच्या विरोधात जाहीरपणे सांगितले. क्रिकेटपटू युवराजसिंग 2012 साली अमेरिकेत केमोथेरपी घेत होता तेव्हा केस गेलेला आपला फोटो त्याने स्वतःच लोकांसमोर ठेवला, आणि त्याच वर्षी तो पुन्हा भारतासाठी खेळला. अर्थात त्यांच्या हाताशी पैसा आणि माणसे होती. आपल्यातल्या सामान्य घराकडे ती नसतात, म्हणून तर शेजाऱ्यांची गरज अधिक.

आता शेजाऱ्यांविषयी. आपल्याकडे माणुसकी कमी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. बातमी कळली की पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरून जाते. बिस्किटांचे पुडे, केळी, सफरचंदे येतात. बायका डोळ्याला पदर लावतात. कोणी अमुक गावच्या झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देतो, कोणी आपल्या नात्यातला माणूस याच रोगाने कसा गेला ते रोग्याच्या उशाशी बसून सांगतो. घरची सून दिवसभर चहा करते. पंधरा दिवसांनी गर्दी ओसरते. आणि तिसऱ्या महिन्यात, जेव्हा पैसे संपत आलेले असतात, रोगी अशक्त झालेला असतो आणि सोबत करणारा मुलगा कामावरच्या रजा संपवून बसलेला असतो, तेव्हा दारात कोणी नसते.

हा आजार लांबचा आहे, हे आपण लक्षात घेत नाही. तोंडाच्या किंवा गळ्याच्या कर्करोगात रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात, ते बहुधा 30 ते 35 वेळा घ्यावे लागते. आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे 6 ते 7 आठवडे. केमोची सलाईन अनेकदा 21 दिवसांच्या अंतराने चालते आणि त्यात काही महिने जातात. स्तनाच्या काही कर्करोगांत नंतर 5 ते 10 वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. मध्येच शेक बंद पडला, दोन सलाईन चुकल्या, तर आधी घेतलेल्या उपचाराचाही गुण कमी होतो. पुष्कळ रोगी औषध लागू पडले नाही म्हणून उपचार सोडत नाहीत. सोबत जायला माणूस नाही, गाडीभाड्याला पैसे नाहीत, रानात पेरणी आली, जनावरांना पाणी कोण दाखवणार, अशा कारणांनी ते घरी बसतात. या अडचणी कोणताही डॉक्टर सोडवू शकत नाही. त्या गावानेच सोडवायच्या आहेत.

गावाला हे जमेल का? मला वाटते, जमेल. कारण असे काम आपण दरवर्षी करतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या खेड्यांतून अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकटा माणूस सात दिवस वीणा धरू शकत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. म्हणून आधीच पहारे लावले जातात. कोणाची वेळ कोणती, रात्री दोनचा पहारा कोणाचा, हे मंदिराच्या फळ्यावर लिहिलेले असते. एकाच्या गळ्यातून वीणा निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून धरली आणि तिसऱ्या दिवशी कोणीच आले नाही, असे कधी होत नाही. कर्करोगाच्या उपचारालाही असेच पहारे लावले पाहिजेत, हे माझे मुख्य सांगणे आहे.

हे पहारे कोणते?

पहिला सोबतीचा. दर फेरीला तोच मुलगा किंवा तोच नवरा गेला तर त्याची नोकरी किंवा मजुरी बुडते. चार घरांनी आठवडे वाटून घेतले तर कोणाचेच फारसे बुडत नाही. कर्करोगाच्या रोग्याला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या डब्यात पूर्ण भाडे माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात 75 टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे. कलबुर्गीला किदवाई संस्थेचे केंद्र आहे. तेथे जायचे असेल तर 2023 पासून आपल्या राज्यात स्त्रियांना सरकारच्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे, म्हणजे सोबत करणाऱ्या शेजारणीचा भाड्याचा प्रश्न उरत नाही.

दुसरा पहारा कागदांचा आणि भाषेचा, आणि सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना तो फार महत्त्वाचा आहे. आपण घरात मराठी बोलतो. कलबुर्गीला गेलो तर बोलणे कन्नडमध्ये, हैदराबादला तेलुगू आणि उर्दूमध्ये, आणि रिपोर्ट सगळीकडे इंग्रजीत. योजनांचेही तसेच. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत पात्र शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण त्यासाठी बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना ही मुख्यतः तिकडच्या रहिवाशांसाठी आहे. बार्शी-सोलापूरला आपली बोली चालते, पण आपले कार्ड चालेलच असे नाही. निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी. गावातील निवृत्त शिक्षक, पोस्टातील कर्मचारी, बँकेतील मंडळी यांनी हा एक पहारा घेतला तरी पुष्कळ झाले.

याच संदर्भात पालकांना एक विनंती आहे. शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला दुभाषी म्हणून डॉक्टरांसमोर उभे करू नका. आईच्या पोटातली गाठ पसरली आहे, हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांकडून ऐकायचे आणि मराठी करून आईला सांगायचे, हे ओझे फार मोठे आहे. ते मोठ्या माणसाने उचलावे. मुलांना घरी सांगावे जरूर, त्यांच्या वयाला समजेल असे आणि खरे सांगावे. "आई मामाकडे गेली आहे" अशी थाप मारली तर मूल त्याहून भयंकर कल्पना करते, आणि पुढे आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

तिसरा पहारा घराचा. एका घराचे उदाहरण नाव न घेता सांगावेसे वाटते. आईला सहा आठवडे शेक घ्यायचा होता, मुलगी आठवीत होती. गल्लीतील पाच घरांनी कामे वाटून घेतली. एकीकडे सकाळचा डबा, एकीकडे संध्याकाळचा अभ्यास, एका घराकडे जनावरे. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडीना, तेव्हा शेजारणीने त्या बाईंचे जुने लुगडे नेसून दूध काढायला सुरुवात केली. त्या सहा आठवड्यांत मुलीची शाळा एकही दिवस बुडली नाही आणि आईचा शेकही एकदा चुकला नाही. कोणाचे फार पैसे लागले नाहीत. फक्त कोणी काय करायचे हे आधी ठरले होते.

चौथा पहारा जेवणाचा आणि भेटीचा. केमोनंतर रोग्याची प्रतिकारशक्ती साधारण एक-दोन आठवडे बरीच कमी होते. त्या दिवसांत खोलीत गर्दी करू नये. खोकला-सर्दी असलेल्याने जाऊच नये. ताप 100.4 अंशांवर गेला तर उद्यापर्यंत वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे. तोंड आलेले असते, म्हणून तिखट-मसाला चालत नाही. मऊ भात, वरण, खिचडी, ज्वारीच्या कण्या, चांगले उकडलेले अंडे, असे ताजे शिजवलेले अन्न डब्यातून न्यावे. आणि "काही लागले तर सांगा" असे म्हणू नये. अडचणीतला माणूस संकोचाने काही सांगत नाही. "मंगळवारचा डबा माझा", असे सांगावे.

पाचवा पहारा रोग्याची सेवा करणाऱ्या माणसाचा. त्याला कोणी विचारत नाही. आठवड्यातून एक रात्र त्याला सुखाने झोपता यावे, एक दिवस स्वतःच्या कामाला जाता यावे, म्हणून दुसऱ्या कोणी रोग्याजवळ बसावे.

परगावी गेल्यावरही माणूस अगदी उघड्यावर नसतो, हे माहीत असलेले बरे. मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 साली परळला सुरू झाले. तेथे देशभरातून रोगी येतात आणि त्यांच्याभोवती सेवेचे एक जाळेच उभे राहिले आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रोग्यांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय करते. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत वर्षानुवर्षे कर्करोगाची कुटुंबे राहत आली आहेत. सेंट ज्यूड या संस्थेने 2006 पासून उपचार घेणाऱ्या मुलांना आई-वडिलांसह विनामूल्य राहण्याची घरे उभी केली. 'व्ही केअर' ही संस्था 1994 साली श्रीमती वंदना गुप्ता यांनी सुरू केली. त्या स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या आहेत. या संस्थेत बरे झालेले लोक नव्या रोग्यांशी बोलायला बसतात.

मला या शेवटच्या गोष्टीचे मोल फार वाटते. डॉक्टर धीर देतात, नातेवाईक धीर देतात, पण केस गेल्यावर कसे वाटते, अन्नाची चव कधी परत येते, शस्त्रक्रियेनंतर हात वर करता येतो का, हे त्या वाटेने गेलेलाच सांगू शकतो. आपल्या तालुक्यात बरे होऊन संसार करणारी माणसे नक्कीच आहेत, पण ती बोलत नाहीत. या रोगाने गेलेल्यांची नावे गावाला पाठ असतात आणि बरे झालेल्यांची नावे झाकलेली राहतात. त्यामुळे कर्करोग म्हणजे मरणच, असा समज टिकून राहतो. बरे झालेल्यांनी स्वतःला जमेल तेव्हा, इच्छा असेल तरच, पण बोलावे. त्यांच्या दोन वाक्यांनी एखादे घर उपचाराला तयार होईल.

सगळेच बरे होतात असे मात्र नाही. कधी डॉक्टर सांगतात की आता रोग हटणार नाही. तेव्हा "काही उपयोग नाही" म्हणून माणसे पाठ फिरवतात. खरे तर सोबतीची गरज तेव्हाच जास्त असते. वेदना कमी करण्याची औषधे आहेत, मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. वेदना सोसत पडून राहणे हे कोणाचे नशीब नसते. पहारा शेवटपर्यंत चालला पाहिजे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाला आपापले धंदे आहेत, हे सगळे करायला वेळ कोणाकडे आहे? आपली भूमी कोणती आहे ते आठवावे. बाराव्या शतकात बसवण्णांनी याच कल्याणात कायक आणि दासोह शिकवला. कष्ट करावे आणि त्यातला वाटा समाजाला द्यावा, असा त्याचा अर्थ. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचा दासोह आणि बिदरच्या नानक झिऱ्याचा लंगर आजही चालतो. वारकरी, शरण, शीख, सुफी या सगळ्यांच्या पायवाटा ज्या मातीत आहेत, तेथे एका आजारी शेजारणीच्या डब्याला आठवड्यातून एक तास मिळणार नाही, असे मला वाटत नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवानेच केली आहे.

शाळेपुरते आम्ही काय करू तेही सांगणे योग्य होईल. ज्या घरी असा आजार असेल, त्या पालकांनी वर्गशिक्षकांना विश्वासात घेऊन सांगावे. ही माहिती वर्गात किंवा शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होणार नाही. त्या मुलाला चाचणी पुन्हा देण्याची मुभा राहील, बुडालेला अभ्यास शाळा सुटल्यावर करून घेतला जाईल, आणि त्याच्या गल्लीतील एक विद्यार्थी त्याला वह्या नेऊन देईल. ज्या पालकांची डबा, सोबत, कागदपत्रे किंवा रक्तदान यांपैकी कोणताही एक पहारा घेण्याची तयारी आहे, त्यांनी कार्यालयात नाव, गाव आणि सोयीचा वार नोंदवावा. ही वही कार्यालयात ठेवली आहे. गरजू घराला त्यातील नावे कळवली जातील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून एवढेच हवे आहे की ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, त्याला खेळातून वगळू नका आणि त्याच्याकडे दयेने पाहू नका. त्याला नेहमीसारखे हाक मारा.



आपल्या शाळेच्या मुख्याध्यापक कार्यालयातून